पाण्याची गोळी गुपचूप सोडल्याने वडिलांना पुन्हा भरती करावे लागले

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)

माझ्या वडिलांचे वय ६४ असून दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर त्यांच्या हृदयाची पंपिंग क्षमता ३० टक्क्यांवर आली आहे. टोरसेमाइड (लघवीवाटे जादा पाणी काढणारी, म्हणजे पाण्याची गोळी), रॅमिप्रिल, मेटोप्रोलॉल, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली, तेव्हा वेचणाऱ्या बायांच्या देखत घडोघडी आडोसा शोधत जाण्याची लाज वाटून त्यांनी पाण्याची गोळी सोडली, आणि रात्रीच्या कोरड्या खोकल्यावर रॅमिप्रिलचा संशय धरून तीही सोडली. घरात कोणाला कळू नये म्हणून गोळ्या पाकिटातून काढत मात्र होते. दहा-बारा दिवसांत पावलांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटू लागले, आडवे होताच दम लागे, म्हणून ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत. शेवटी रात्री दोन वाजता १०८ बोलवावी लागली आणि पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. भरती झाल्यावर आईला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरकीच्या दाण्यांबरोबर अकरा गोळ्या सापडल्या.

खोकला खरोखरच गोळीचा असतो काय? वेचणीच्या दिवसांत पाण्याची गोळी कधी द्यावी, आणि एखादी गोळी चुकलीच तर काय करावे?

उत्तर १ (औषध दुकानदार, वर्धा जिल्हा)

दादा, वडिलांचा संशय बहुधा खरा असावा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही रुग्णांना कोरडा खोकला येतो आणि खोकल्याच्या औषधाने तो जात नाही. मात्र फुप्फुसात पाणी साचल्यानेही खोकला येतो, म्हणून निवाडा डॉक्टरांनीच करावा. अशा वेळी ते बहुधा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी गोळी देतात.

टोरसेमाइडचा जोर घेतल्यापासून पहिल्या काही तासांतच असतो. त्यामुळे डॉक्टरांची संमती घेऊन ती शेतातून परतल्यावर, दुपारी घेता येते. रात्री घेतली तर झोप मोडते. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवताच घ्यावी, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, पण दोन एकदम कधीही घेऊ नयेत. मेटोप्रोलॉल अचानक बंद करणे तर फारच धोक्याचे आहे.

एक विचारतो: वेचणीत कंबर धरली म्हणून त्यांनी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली होती काय? या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. माझ्या काउंटरवर असे गिऱ्हाईक रोज येते आणि हृदयाची औषधे सुरू असल्याचे विचारल्याशिवाय सांगत नाही.

उत्तर २ (चंद्रपूर जिल्हा)

आमच्याकडे उलट घडले. सासूबाईंची पाण्याची गोळी तालुक्याच्या दुकानातून एका नावाची आणि जनऔषधी केंद्रातून दुसऱ्या नावाची आली. त्या दोन्ही घेत राहिल्या. मे महिन्याचे ४५ अंशांचे ऊन, त्यात दुप्पट गोळी, त्यामुळे रक्तदाब इतका उतरला की त्या न्हाणीत चक्कर येऊन पडल्या आणि भरती कराव्या लागल्या. तेव्हापासून आम्ही पाकिटावरचे मोठे नाव न पाहता त्याखालचे बारीक अक्षरातले औषधाचे नाव जुळवतो.

उत्तर ३ (परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र)

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. ठेचा, लोणचे, पापड यांतून मीठ नकळत जाते. त्यावर उपाय म्हणून कमी सोडियमचे मीठ मात्र परस्पर आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात ते वाढू शकते. गोळी बदलल्यावर पोटॅशियम आणि किडनीची रक्ततपासणी कधी करायची, हेही विचारून ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. कंबरदुखीच्या गोळ्या बाबा किराणा दुकानातून आणून खात होते, हे काल विचारल्यावर कबूल केले. डॉक्टरांनी रॅमिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन दिली असून पाण्याची गोळी दुपारी एक वाजता घ्यायला सांगितली आहे. घरात काटा नव्हता, म्हणून कापूस मोजायचा काटाच ओसरीवर आणून ठेवला. आज वजन ५८ किलो ४०० ग्रॅम भरले. बाबा म्हणाले, "आता गाठोड्यासारखं मलेबी रोज काट्यावर चढवा."