मदत हवी आहे: कुत्र्याने मेलेला गॅनेट (समुद्रपक्षी) तोंडात धरला

नमस्कार मंडळी,
आम्ही एडिंबराला राहतो. रविवारी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावर आमच्या बंडूने (लॅब्रॅडोर, वय ४, अक्कल त्याहून कमी) मेलेला गॅनेट उचलला. पांढराधोप पक्षी, पिवळसर डोकं, पंखांची टोकं काळी. ओरडल्यावर सोडला, पण पिसं दाढेत अडकली ती मला बोटं घालून काढावी लागली. घरी येऊन हात साबणाने धुतले. बंडू सध्या मजेत आहे, पण बर्ड फ्लूची भीती वाटते, व्हेटकडे न्यावं का? आणि पक्ष्याचं कोणाला कळवायचं?

दुसरं, पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत. सासूबाईंना पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) बघायचेत म्हणून आयल ऑफ मे बेटाची बोट बुक केलीय. सासरे नंदुरबारचे, २००६ ची नवापूरची बर्ड फ्लूची साथ त्यांच्या चांगलीच लक्षात आहे. 'बोट रद्द करा' म्हणून मागे लागलेत. करू का?

प्रतिसाद १
व्हेटला आधी फोन करा, थेट घेऊन जाऊ नका. ताप, सुस्ती, खाणं सोडणं, धाप, झटके यांवर लक्ष ठेवा. कुत्र्यांना लागण क्वचितच होते, पण २०२३ मध्ये कॅनडात रानटी गूज (हंसासारखा पक्षी) चघळलेला एक कुत्रा दगावला होता. पक्ष्याची नोंद डेफ्राच्या (ब्रिटनचं पर्यावरण आणि शेती खातं) ऑनलाइन फॉर्मवर करा. स्वतःला ताप-खोकला आला किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरला हा प्रसंग आवर्जून सांगा.

प्रतिसाद २
मेलेला प्रत्येक पक्षी फ्लूनेच मेला असं नाही. उपासमार, वादळ हीही कारणं असतात. पण नॉर्थ बेरिकसमोरच्या बास रॉक या खडकाळ बेटावर २०२२ मध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने हाहाकार केला होता. नॉर्दर्न गॅनेट या जातीची तेव्हाची जगातली सर्वांत मोठी वसाहत ती. २०१४ च्या मोजणीत ७५ हजारांवर घरटी होती, २०२३ मध्ये सुमारे ५२ हजार. वाचलेल्या काही पक्ष्यांची फिकट निळी बुबुळं काळी पडली. दाटीवाटीने घरटी, एकाची चोच दुसऱ्याला लागते, मग साथ आवरणार कशी? २०२२ च्या जुलैत आयल ऑफ मेवर उतरायलाही बंदी होती. तरी आत्ता रद्द करू नका, फक्त निघण्याआधी बेटावर उतरता येतंय का ते बोटवाल्यांना विचारा. लांबून पफिन बघितल्याने काही होत नाही.

धागाकर्ती
दोघांचे आभार! फॉर्म भरला. व्हेटने फोनवरच दिवसातून दोनदा ताप बघायला सांगितलंय. कुत्र्याचा ताप कुठून मोजतात हे कळल्यापासून नवरा ऑफिसातून उशिरा येतोय.