प्रति: मुलांना पुस्तकांत माहिती शोधायला कसं शिकवायचं?

ग्रंथालयाचा तास ठेवला तरी मुलं गोष्टींचीच पुस्तकं उचलतात आणि प्रकल्प मोबाइलवरून उतरवतात, अशी तक्रार होते, ती खरी आहे. पण विषयच मोघम दिला तर दुसरं काय होणार? 'बेळगावचं काँग्रेस अधिवेशन' असं सांगितलं की उतारा ठरलेला. त्याऐवजी विचारा: 1924 साली गांधीजी अध्यक्ष असलेल्या त्या अधिवेशनात एवढ्या माणसांना पाणी कुठून दिलं? आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतली काँग्रेस विहीर मुलं येता-जाता बघतात, पण ती खास अधिवेशनासाठी खोदली होती हे शोधायला ग्रंथालयाचं कपाट उघडावंच लागतं. (कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात असेल तर आधी ती बाहेर काढा!)

मग खरी मेख कळते. मुलांना वर्णक्रम सलग येत नाही. विश्वकोशात टिळक 'ब'मध्ये शोधतात, कारण बाळ गंगाधर. आडनाव आधी, हे एकदा हाताने पान उलटूनच कळतं. तसंच पुढची अनुक्रमणिका वेगळी आणि मागची सूची वेगळी. सूचीत 'विहीर' मिळाली नाही तर 'पाणीपुरवठा', 'टिळकवाडी' बघायचं. यावर अख्खा तास गेला तरी चालेल.

आपल्या मुलांना कन्नडही वाचता येतं, त्याचा उपयोग का करत नाही? त्याच अधिवेशनावर एक मराठी, एक कन्नड पुस्तक समोर ठेवा. कोणी काय गाळलंय ते पोरंच सांगतील. वहीत पुस्तकाचं नाव, लेखक आणि पान क्रमांक मात्र लिहायला लावा.