पाषाण तलाव ‘संपला’ म्हणणाऱ्यांना

टिबुकली:
काल सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक पोस्ट आली. पुण्याचा पाषाण तलाव संपलाय, घारी आणि कबुतरं सोडून तिथे काही नाही, पक्षी बघायचे तर भिगवणला जा आणि इथली जलपर्णी जेसीबी लावून लगेच सगळी उपटा. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितेय. अकरा वर्षं मी जवळजवळ दर रविवारी त्या बांधावर असते. ऑक्टोबरात थापट्या बदक येतं तेव्हा नरही मादीसारखाच मळकट तपकिरी असतो, लोक बघतात, “काही खास नाही” म्हणून परत जातात. तोच नर जानेवारीत बघा, उन्हात मान वळवली की डोकं बाटलीच्या काचेसारखं हिरवं! एप्रिल सरता सरता हे हिवाळी पाहुणे गेलेले असतात, मेमध्ये एकदा येऊन संपलं म्हणणं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात डोकावण्यासारखं आहे.

आणि पावसाळ्यात कमळपक्षी. लांब शेपटी त्याला याच दिवसांत फुटते. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं बापाकडे. गेल्या जुलैत दुर्बिणीतून चार अंडी दिसली, भोवऱ्याच्या आकाराची, घासलेल्या तांब्यासारखी चकचकीत, पाण्यापासून बोटभर वर, तरंगत्या पानांवर. तिथे आत्ता यंत्र घालायचं? जलपर्णी काढाच, पण पावसाआधी आणि टप्प्याटप्प्याने.

सूसरोडकर:
ती पोस्ट माझी होती. तुम्ही रविवारी दोन तास येता, आम्ही बारा महिने इथे राहतो. संध्याकाळी सहानंतर खिडकी उघडता येत नाही, वास आणि डास. माझी मुलगी आठ वर्षांची, गेल्या वर्षी डेंग्यू झाला, पाच दिवस हॉस्पिटलात काढले, प्लेटलेट खाली येत होत्या आणि मी रात्रभर सलाईनच्या थेंबांकडे बघत बसलो होतो. त्या वेळी कुणी मला कमळपक्ष्याची अंडी दाखवली असती तर काय बोललो असतो ते इथे लिहिता येणार नाही.

टिबुकली:
मुलीचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या पिंपात. जलपर्णीत होणारे डास वेगळे.

सूसरोडकर:
वेगळे असतील, चावतात तेवढेच. डेंग्यूचं म्हणता तर बरं, तो मुद्दा सोडतो. वासाचं काय?

जुना_पाषाणकर:
वास जलपर्णीचा नाही हो, रामनदीतून येणाऱ्या मैलापाण्याचा. भूगाव-बावधनकडून ती इथे येते, वाटेत इमारती वाढल्या आणि ड्रेनेज सरळ नदीत सुटलं. त्याच खतावर जलपर्णी माजते, दोन आठवड्यांत दुप्पट होते. आम्ही लहानपणी या तलावात गळ टाकून बसायचो, पाय बुडवला की बोटं दिसायची. मैलापाणी थांबवल्याशिवाय कितीही उपसा, दिवाळीपर्यंत परत हिरवंगार.

प्राची_के:
एक विचारू? थापट्या म्हणजे शॉव्हलर का? सगळे इंग्रजी नावं वापरतात, मग ही नवीन नावं कशाला? माझ्यासारख्या नवख्या माणसाला ॲपमध्ये काही सापडत नाही.

जुना_पाषाणकर:
नवीन?? ताई, चोच गवंड्याच्या थापीसारखी म्हणून थापट्या, याहून सोपं काय पाहिजे! चोचीला पिवळं टोक आणि मुळाशी लाल ठिपके ते हळदी-कुंकू बदक, काळ्या अंगावर कपाळाला पांढरं गंध तो वारकरी. नाव ऐकलं की पक्षी डोळ्यांसमोर उभा राहतो. मारुती चितमपल्लींनी जन्मभर जंगलात फिरून मराठी नावं गोळा केली, ५ नोव्हेंबर त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा, म्हणून तर पक्षी सप्ताह त्या आठवड्यात असतो.

प्राची_के:
काका, एवढं चिडायचं कारण नाही. पण गावागावात नाव बदलतं त्याचं काय? आमच्याकडे नगरला वारकऱ्याला चांदवा म्हणतात. नोंद करताना कुठलं लिहू?

जुना_पाषाणकर:
दोन्ही लिहा! आजीला आपण आई, बय, माय काहीही म्हणतो, म्हणून तिला ग्रँडमा करत नाही.

प्राची_के:
नोंदीत मी शास्त्रीय नावच लिहिणार. पण हळदी-कुंकू मात्र आता विसरणार नाही, हे मान्य.

भिंगरी:
नावांवरून भांडताय आणि तिकडे कॅमेरेवाले मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावतात. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून बिचारा शत्रू शोधत फिरतो. मी एकाला थांबवलं तर म्हणाला, “मॅडम, रस्ता तुमच्या बापाचा का?” थरथरत घरी आले.

सूसरोडकर:
हे चुकीचंच आहे. बरं, टिबुकलीताई, पावसाआधी म्हणजे नक्की कधी? एप्रिल-मेमध्ये काढायला तुमची हरकत नसेल तर सोसायटीच्या अर्जावर मी तसं लिहितो, मैलापाण्याचा मुद्दा पहिला टाकतो. पण ‘सगळी काढा’ हे वाक्य राहणार.

टिबुकली:
‘सगळी’ला माझी सही नाही. कडेचा एक पट्टा ठेवा, जांभळ्या पाणकोंबड्या तिथेच लपतात. आणि एप्रिलमध्येही यंत्र बांधाच्या मुरमाड बाजूने उतरवू नका, टिटवी तेव्हा उघड्या जमिनीवर अंडी घालते, खड्यांत खडा, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. जागा मी दाखवते. रविवारी साडेसहाला बांधावर या, मुलीलाही आणा.

सूसरोडकर:
सात वाजता. ती साडेसहाला उठत नाही.