मदत हवी आहे: हॅशवरून जुन्या डेब फाइल्सचं मूळ कसं शोधावं?

डेबियन १२ (लिनक्स प्रणाली) च्या एका जुन्या सर्व्हरवर डेब फाइल्सचा (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायच्या पॅकेज फाइल्सचा) ढिगारा आहे. कुणीतरी सगळ्यांची नावं १.डेब, २.डेब अशी करून ठेवली आहेत (का, ते त्यालाच ठाऊक). डीपीकेजी-डेब या आदेशाने आतलं नाव आणि आवृत्ती कळते, ते करून झालंय. मला हवंय ते वेगळं: फाइल डेबियनच्या भांडारातलीच, की इथे कुणी पुन्हा बिल्ड केलेली? आवृत्ती दोन्हींवर तीच असू शकते.

भांडाराच्या सध्याच्या पॅकेजेस इंडेक्समधल्या (तिथल्या पॅकेजेसची यादी) एसएचए-२५६ हॅशशी, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाशी, ताडून पाहिलं. बऱ्याच जुळल्या. उरल्या त्या मुख्यतः ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) सारख्यांचे जुने सुरक्षा अपडेट. नवीन आवृत्ती आली की जुनी नोंद इंडेक्समधून जाते. डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात जुन्या फाइल्स सापडतात, पण तिथला शोध एसएचए-१ या जुन्या हॅशवर चालतो, आणि त्याची टक्कर (दोन वेगळ्या फाइल्सचा हॅश एकच येणं) २०१७ सालीच दाखवून झाली आहे.

सर्व्हरला इंटरनेट नाही, हॅशची यादी पेनड्राइव्हवर नेता येईल. स्क्रिप्ट लावून संग्रहावर विनंत्यांचा मारा करायचा नाही.

स्नॅपशॉटमधून जुने पॅकेजेस इंडेक्सच उतरवून एसएचए-२५६ ऑफलाइन ताडायचे, तर किती दिवसांच्या अंतराने घेतले म्हणजे मधली एकही आवृत्ती सुटणार नाही?