निळूभाऊंचं ‘राष्ट्रीय’ हुकलं कसं

भाऊ, ‘सामना’साठी निळू फुल्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळायला हवा होता, हे म्हणणं ठीक; पण तो गटच तेव्हा नव्हता. राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाचे गट १९६७ च्या चित्रपटांपासून आले, तेही फक्त प्रमुख भूमिकांसाठी. सहायक गट १९८४ च्या चित्रपटांपासून. तोवर फुल्यांच्या हिंदूराव धोंडे पाटलाला, त्या साखरसम्राटाला, नायकांच्याच रांगेत उभं राहावं लागायचं, आणि त्याच चित्रपटात समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर! आपल्या विदर्भात ऊस कमी, पण हिंदूराव नागपुरात बर्डीवरही ओळखीचा वाटतो, तो त्या संथ, दबक्या आवाजामुळे. धमकी देतानाही फुले आवाज चढवत नाहीत.

माझं मत मात्र ‘सिंहासन’मधल्या फुल्यांच्याच पत्रकार दिगू टिपणीसला. बहुतेक वेळ नुसतं ऐकणारं पात्र, परीक्षकांच्या नजरेतून असलं काम हमखास निसटतं.

‘उंबरठा’चं वेगळं. १९८१ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट तो ठरला, अभिनेत्रीचा पुरस्कार ‘उमराव जान’साठी रेखांना. यात अन्याय म्हणवत नाही. ‘उंबरठा’च्या नायिकेला, स्मिता पाटीलला, ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी तो आधीच मिळाला होता. तरी ‘उंबरठा’तली तिची सुलभा महाजन मला सरस वाटते. आणि वर्षं जुळवताना प्रदर्शनाची तारीख धरू नका, सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष बघा; निम्मी भांडणं तिथंच मिटतात.