ट्रस्टचा दवाखाना योजनेत ठेवायचा का बाहेर काढायचा? सोलापूरकरांनी सांगा

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा. आमच्या पूर्व भागात ट्रस्टचा एक छोटा दवाखाना आहे, ३० खाटांचा, जुन्या लोकांनी यंत्रमाग आणि विडी कामगारांसाठी वर्गणी काढून उभा केलेला. मी डॉक्टर नाही, संध्याकाळी दुकान बंद केलं की तिथला हिशोब बघतो, सहा वर्षं झाली. महात्मा फुले योजनेत आहोत आम्ही, म्हणजे कार्डवाल्या पेशंटचे उपचार मोफत करायचे आणि त्याचे पैसे नंतर योजनेकडं मागायचे, तो क्लेम. पेशंट भरपूर आहेत हो, पण हातात पैसाच राहत नाही. ऑपरेशन आज होतं, सलाइन, औषधं, भूलतज्ज्ञांची फी, नर्सचा पगार सगळं लगेच द्यावं लागतं आणि क्लेम कागदावर १५ दिवसांत मिळायचा तो आमच्याकडं कधी तीन महिन्यांनी येतो, कधी पाच. आत्ता जवळपास ११ लाख अडकलेत.

परवा औषधाच्या होलसेलवाल्यांचा माणूस आला, काउंटरवर वही उघडली आणि काही न बोलता मागच्या चार बिलांवर बोट ठेवलं. ओरडला असता तरी चाललं असतं. बारा वर्षं माल देतायत ते आम्हाला.

आता काही ट्रस्टी म्हणतात योजनेतून बाहेर पडू, काही म्हणतात डिलिव्हरी वॉर्ड बंद करू कारण तिथं आपल्या दरात दर महिन्याला तोटाच होतो. रविवारी मीटिंग आहे. मला दोन्ही पटत नाही पण समोर ठेवायला माझ्याकडं तिसरं काही नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

बिलिंग_टेबल

दादा, मी दुसऱ्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नऊ वर्षं योजनेच्या टेबलावर काढलीत. पहिलं काम म्हणजे ते ११ लाख एक आकडा म्हणून बघू नका. मंजूर होऊन पैसे यायचे राहिलेत ते किती, क्वेरीत, म्हणजे कागद कमी म्हणून वरून विचारणा येऊन अडकलेत ते किती आणि रिजेक्ट झालेत ते किती, हे वेगळं काढा. मंजूर झालेल्यासाठी पाठपुरावाच करावा लागतो, पण क्वेरीतले बहुतेक आपल्याच चुकीनं अडकलेले असतात. ऑपरेशननंतरचा एक्स-रे जोडलेला नसतो, ऑपरेशनच्या नोंदीवर (ओटी नोट) डॉक्टरांची सही नसते, डिस्चार्जचा फोटो राहिलेला असतो. आमच्याकडं एक फाइल चार वेळा परत आली, का तर रेशन कार्डवरचं वय आणि आधारवरचं वय जुळत नव्हतं. बाई बिचारी बरी होऊन घरी जाऊन माग चालवायला लागली होती आणि आम्ही तिच्या वयाचा पुरावा शोधत होतो.

क्वेरी आली की त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, तेवढ्यासाठी एक माणूस ठेवा. आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस, कार्ड बघेल, रजिस्ट्रेशन करेल, पण तुमची फाइल पूर्ण आहे का हे तुमच्याच माणसानं बघायचं.

आणि प्रत्येक ऑपरेशनचा खर्च एकदा बसून काढाच. पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेनं ठरवलेल्या रकमेत, नुसतं ऑपरेशन नसतं, तपासण्या, जेवण, घरी गेल्यावरची दहा दिवसांची औषधं, परतीचं एसटीचं भाडं सगळं त्यातच. काही ऑपरेशनं त्या रकमेत बसतात, काही बसतच नाहीत. कुठली बसतात हे तुमच्या डॉक्टरांनासुद्धा माहीत नसणार, कारण कुणी मांडूनच बघितलेलं नसतं.

होटगीरोड_डॉक्टर

मी वेगळं सांगतो. मी माझं नर्सिंग होम योजनेतून बाहेर काढलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या दरात चांगलं काम करायचं तर खिशातून घालावं लागत होतं आणि पैसे कधी येणार ते कुणीच सांगत नव्हतं. पण माझ्याकडं खाजगी विम्याचे आणि रोखीचे पेशंट आहेत, तुमच्याकडं कुठून येणार? १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं सगळी रेशन कार्डं योजनेत आलीत, वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत. आधी जे चार पैसे देऊन ऑपरेशन करून घ्यायचे ते पण आता दारातच विचारतात, कार्ड चालतं का. नाही म्हटलं की पुढं जातात. म्हणजे बाहेर पडून अडकलेले पैसे काही लवकर येणार नाहीत, नवीन पेशंट मात्र तुटतील.

आणखी एक. लोकांना वाटतं ट्रस्टचा दवाखाना म्हणजे सरकार पैसे देतं. नुसतं ट्रस्ट म्हणून सरकार देत नाही, उलट धर्मादाय आयुक्तांच्या गरीब रुग्णांसाठीच्या स्कीममध्ये बसलात तर १० टक्के खाटा गरिबांना मोफत, १० टक्के सवलतीत आणि एकूण बिलाच्या २ टक्के गरीब रुग्ण निधीत बाजूला काढायचे. ते बरोबरच आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण योजनेतून बाहेर पडलात तरी हे सुटत नाही, एवढं ट्रस्टींना सांगा.

विडीघरकुलची_अक्का

डिलिव्हरी वॉर्ड बंद करू नगा ओ. माझ्या दोन्ही सुना तसल्याच एका ट्रस्टच्या दवाखान्यात बाळंत झाल्या. धाकटीला रात्री दोनला कळा सुरू झाल्या, रिक्षावाल्यानं कुंभारीतनं आणलं, आणि तिथल्या सिस्टरनं पैशाचं नंतर बघू म्हणून आधी आत घेतलं. धाकटीच्या बोटांना तंबाखूचा वास तसाच होता, विड्या वळता वळताच उठली होती. सिव्हिल चांगलंय, पण तिथं धाराशिव, लातूर, विजापूर, गुलबर्ग्याकडनं पण लोक येतात, एकेका खाटंसाठी थांबावं लागतं. आम्ही घरी बसून वळतो, आम्हाला कारखान्यातल्या कामगारांसारखं ईएसआयचं (विम्याचं) औषधपाणी कुठलं? पूर्वी विडीवर सेस (जादा कर) होता, त्यातनं विडी कामगारांचे दवाखाने चालायचे, जीएसटी आली तवा २०१७ ला तो पण गेला.

आमच्याकडं एकदा मागून तर बघा. मजुरीचा हप्ता मिळतो त्या दिवशी कारखान्याच्या दारात डबा ठेवा. लई काय देणार नाही आम्ही, दहा-वीस रुपये देऊ, पण दर हप्त्याला देऊ. आमच्या सासऱ्यांनी पण असंच दिलं होतं की.

यंत्रमाग_एमआयडीसी

देणगीचं थोडं सांगतो. इन्कम टॅक्सची १२ए, ८०जी नोंदणी असेलच, सीएसआरसाठी (मोठ्या कंपन्यांनी कायद्यानं समाजकामाला द्यायचा पैसा) सीएसआर-१ फॉर्म भरलाय का बघा, १ एप्रिल २०२१ पासून त्याच्याशिवाय कंपनीचा सीएसआरचा पैसा घेता येत नाही. आमच्यासारखे कारखानदार त्या कायद्यात बसत नाहीत, फताटेवाडीच्या एनटीपीसीसारख्या (वीज प्रकल्प) मोठ्या कंपन्यांकडंच अर्ज करा. पण पगारासाठी मागू नका, ते कुणी देत नाही. छतावर सोलर मागा. लाइट बिल वाचलं तर तेच पैसे पगाराला होतात.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री एकपर्यंत बसून फायली वेगळ्या केल्या. ११ मधले ३ लाख ४० हजार क्वेरीत निघाले. त्यातल्या १४ फायलींचे एक्स-रे आमच्याच कपाटात पडलेले होते, पाकिटावर पेशंटचं नाव आणि तारीख सगळं होतं, फक्त अपलोड केलेले नव्हते. माझेच हात थरथरले बघून. तीन महिने आम्ही वरच्यांना नावं ठेवत होतो.

बिलिंगवाले दादा, यातल्या सहा फायली जुन्या आहेत, त्यांचं उत्तर अजून घेतील का? आधी कुणाला भेटायचं तेवढं सांगा. डॉक्टर, तुमचं कार्डाचं म्हणणं मीटिंगमध्ये तसंच्या तसं वाचून दाखवतो.

अक्का, रविवारी सकाळी १० वाजता मीटिंग आहे. पत्ता मेसेज करतो, जमलं तर धाकट्या सूनबाईंना पण घेऊन या. वॉर्डचा विषय पहिला घ्यायला लावतो.