नवी 132 केव्ही लाइन लेआऊटांवरून जाते आहे: आखणी कुठवर बदलता येते?

पांदण_रस्ता

वर्धा जिल्हा, तालुक्याच्या गावाला चिकटलेली ग्रामपंचायत. जिथे पऱ्हाटी आणि तूर होती तिथे आता एनए (बिगरशेती) लेआऊट पडले आहेत. वीज 33/11 केव्ही सबस्टेशनातून येते. तिथे 5 एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि मागे 20 किलोमीटरची 33 केव्ही लाइन, तार डॉग (तारेच्या एका ठरावीक जाडीचं नाव). मे महिन्यात रात्री दहानंतर लोड 9 एमव्हीएच्या वर जातो आणि 11 केव्ही बसवरच (सबस्टेशनातली मुख्य वाहक पट्टी) 10.1 केव्ही दिसतात. शेवटच्या डीपीवर काय उरत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता 132/33 केव्ही सबस्टेशनचा प्रस्ताव आहे. जवळून जाणारी 132 ची जुनी लाइन लिलो करून (म्हणजे तोडून नव्या सबस्टेशनात आत-बाहेर फिरवून) 11 किलोमीटर डबल सर्किट, एकाच टॉवरवर दोन लाइनी, आणायचं आहे. सर्व्हेवाले येऊन गेले, दगडांवर लाल रंग मारलाय, काही वावरांत खुंट्या आहेत. आखणी तीन लेआऊट, एक संत्र्याची बाग आणि नाल्याकाठची थोडी झुडपी जंगलाची जमीन अशी जाते.

ग्रामसभेआधी पक्कं माहीत हवं. 132 खरंच लागते का, की 33 ची दुसरी लाइन पुरेल? खुंट्या ठोकल्यावर आखणी हलते का? लाइनीखाली आलेल्या प्लॉटचं काय करायचं? आणि मोबदला टॉवरपुरता की तारेखालच्या जमिनीचाही?

टॅप_पाच

भाऊ, आधी लोडचा हिशोब, मग लाइनीचा.

10 एमव्हीए, 0.9 पॉवर फॅक्टर, 33 केव्ही म्हणजे 175 अँपिअर. तापलेल्या डॉग तारेचा रोध किलोमीटरला साधारण 0.33 ओहम, रिॲक्टन्स 0.37 च्या आसपास. किलोमीटरमागे 140 व्होल्ट पडतात. 20 किलोमीटरला 2.8 केव्ही, म्हणजे साडेआठ टक्के. शिवाय सुमारे 600 किलोवॅट तारेतच जळतात. 175 अँपिअर डॉगला जड नाहीत, मार खातं ते व्होल्टेज. 33 केव्हीला खाली 9 टक्क्यांपर्यंतच सूट धरतात, म्हणजे तुम्ही काठावर बसलेले आहात.

डॉग काढून त्याहून जाड वुल्फ तार टाकली तर घट साडेसहा टक्क्यांवर येते. दुसरं सर्किट टाकून लोड निम्मा-निम्मा केला तर सव्वाचार, आणि एकूण गळती 300 किलोवॅट. पण दोन्ही सर्किट मिळून 20 एमव्हीए झाले की पुन्हा आजच्याच जागी. 132 वर तीच वीज चौपट कमी करंटने येते आणि त्याच तारेत घटीचं प्रमाण सोळाव्या हिश्शावर जातं. त्याहूनही जाड पँथर तारेचं एक सर्किट साधारण 80 एमव्हीए नेतं. म्हणून प्रश्न एवढाच: येत्या पाच-सात वर्षांत तुमचा परिसर 12-13 एमव्हीएवर थांबणार की 20 ओलांडणार?

तो आकडा काढताना उभी घरं मोजू नका, मंजूर प्लॉट मोजा. 2000 प्लॉट, घरामागे 4 किलोवॅट जोडभार, म्हणजे 8 मेगावॅट. इतर ठिकाणी एका वेळी त्यातला 40 टक्के धरतात. आपल्याकडे मे महिन्याच्या रात्री सगळे कूलर एकदमच चालतात, तेव्हा 50 ते 60 टक्के धरा, म्हणजे 4 ते 4.8 मेगावॅट. पंपांचा लोड यात मिळवू नका. 5 एचपीचा पंप 3.7 किलोवॅट घेतो हे खरं, पण त्यांची गर्दी रब्बीत असते, कूलरची उन्हाळ्यात. दोन्ही शिखरं एकावर एक ठेवून फुगवलेला आकडा पहिल्याच छाननीत पडतो. सौर कृषी वाहिनीमुळे दिवसाचा पंपांचा लोड कमी होईल. मे महिन्याच्या रात्री अकराला सूर्य नसतो, त्यामुळे तुमच्या अडचणीला त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट याआधी तपासा. त्याच रात्री, त्याच तासाला वीज पाठवणाऱ्या सबस्टेशनच्या 33 बसवर किती होते? लॉगशीटमध्ये दर तासाची नोंद असते. तिथेच 31.5 असतील तर दोष तुमच्या 20 किलोमीटरचा एकट्याचा नाही. तुमच्या 5 एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायची सोय) कुठे आहे आणि व्होल्टेज सावरणारी 11 केव्ही कपॅसिटर बँक चालू आहे की फ्यूज उडून नुसती उभी आहे, तेही बघा. टॅप आणि कपॅसिटर एवढ्यावरच दोन-तीन टक्के सुधारलेले दिसतात. हे न पाहता 132 मागितली तर महापारेषणच्या (राज्याची पारेषण कंपनी) लोड फ्लो अभ्यासात, म्हणजे कुठल्या लाइनीत किती वीज वाहते या हिशोबात, पहिला प्रश्न हाच येईल.

डी_टाइप

वरचा हिशोब बरोबर आहे. मी आखणीचं सांगतो.

लाल रंग आणि खुंट्या दिसल्या म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण वेळ थोडा आहे. आधी नकाशावर आणि उपग्रह चित्रावर दोन-तीन पर्याय काढतात, मग पायी फिरून एक ठरवतात, मग तपशीलवार सर्व्हे आणि प्रोफाइल (जमिनीच्या चढ-उताराचं चित्र), त्यावर टॉवरच्या जागा, शेवटी चेक सर्व्हे आणि टॉवर शेड्यूल (कुठे कुठला टॉवर याची यादी). शेड्यूल मंजूर होऊन पायाचे खड्डे पडले की बदल म्हणजे नवा खर्च, नवी मंजुरी. त्याआधी मात्र अँगल पॉइंट (एपी, लाइन वळते तो कोपरा) हलवता येतो. तुमच्याकडे आत्ता कुठला टप्पा आहे ते ओळखायचं असेल तर खुंटीवर बघा: एपी आणि आकडा असेल तर तो कोपरा आहे, नुसता जागेचा क्रमांक असेल तर टॉवर स्पॉटिंग, म्हणजे टॉवरच्या जागा ठरवणं, झालेलं आहे.

आखणी हलवायला सांगताना समोरच्याला काय पडतं हे माहीत असलं की बोलणं सोपं जातं. 132 ला ए टाइप टॉवर 2 अंशांपर्यंत, बी 15, सी 30, डी 60 अंशांपर्यंत आणि लाइनीच्या शेवटाला. डी टाइपला ए च्या जवळपास दुप्पट लोखंड लागतं, पायाही तसाच मोठा. लेआऊट चुकवायला दोन नवे 40 अंशांचे कोपरे मागितले तर दोन डी टाइप वाढले. तेच वळण एक-दोन किलोमीटर आधीपासून 10-12 अंशांनी सुरू केलं तर बी टाइपवर भागतं. म्हणून "आमच्या गावातून नको" असा ठराव देऊ नका. मौजा, गट क्रमांक, मंजूर लेआऊटचा नकाशा आणि त्यावर लाल शाईने तुमची पर्यायी रेघ, असं द्या. अशी रेघ तपासली जाते; नुसता ठराव फाइलला लागतो.

लाइनीखाली मोकळा ठेवायचा पट्टा 27 मीटर, मध्यापासून दोन्हीकडे 13.5. हा आकडा हवेतून आलेला नाही. टॉवरचा हात, वाऱ्यात तार बाजूला झुलते ते अंतर आणि वर इमारतीपासून ठेवायचं 2.9 मीटर आडवं अंतर, असं मिळून तो होतो. उभं अंतर छतापासून 4.6 मीटर, जमिनीपासून किमान 6.1. हे 6.1 तार पूर्ण तापून सर्वांत खाली आल्यावरचं आहे, डिसेंबरच्या सकाळी मोजलेलं नाही. स्लॅब टाकताना वर बरीच जागा दिसते, म्हणून लोक एक मजला चढवतात. मे महिन्यात लोड आणि 46 अंश एकत्र आले की तीच तार छताकडे उतरते.

प्लॉटचं: मंजुरी अजून बाकी असलेल्या लेआऊटमध्ये 27 मीटरचा पट्टा आत्ताच काढून ठेवा आणि आतला रस्ता त्यातून न्या. मंजूर झालेल्यात प्लॉट विकलेले असतील तर तिथे मोनोपोल (एकाच खांबाचे) किंवा अरुंद पायाचे टॉवर मागता येतात. त्यांना गाळे (दोन टॉवरमधलं अंतर) लहान लागतात. नेहमीचा 300 मीटरच्या वरचा गाळा दीडशे-दोनशेवर आणला की झोळ कमी, झुलणं कमी, पट्टाही आवळता येतो. खर्च वाढतो, म्हणून पूर्ण 11 किलोमीटरला मागू नका, लेआऊटपुरतंच मागा.

पायाबद्दल एवढंच, की तुमच्याकडे काळी भारी जमीन आहे. प्रत्येक जागेची माती तपासलीच पाहिजे; कोरड्या मुरमाचा पाया काळ्या मातीत घातला की पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून चार पायांतला एक हलतो. खड्डा परत भरताना तीच काळी माती लोटतात, तिथे मुरूम आणून थरांनी दाबायला लावा. टॉवर शक्यतो धुऱ्यावर घ्या, वावराच्या मधात नको.

पांदण_रस्ता

पुष्कळ उलगडलं. एपी लिहिलेल्या दोनच खुंट्या आहेत, बाकी साध्या आहेत. लेआऊटवाले म्हणतात, आमच्यापुरतं दीड किलोमीटर जमिनीखालून केबल करा. ते मागण्यात अर्थ आहे का?

टॅप_पाच

मागता येतं, पण पैसे कोण देणार हे आधी विचारा. मागणी लेआऊटवाल्यांची असेल तर ते डिपॉझिट वर्क होतं आणि फरकाचा सगळा खर्च त्यांच्यावर येतो. 132 ची केबल उघड्या तारेच्या कित्येक पट महाग. डबल सर्किटला सहा एकेरी केबल, दोन्ही टोकांना टर्मिनेशनचं (केबल उघड्या तारेला जोडायचं) कुंपण घातलेलं आवार, आणि एका ड्रमची लांबी साधारण 500 मीटर, म्हणजे दीड किलोमीटरमध्ये जॉइंटचे खड्डेही आले. बहुतेक दोष जॉइंटलाच निघतात. उघडी लाइन तुटली तर लाइनमनला दिसते; केबल गेली तर जागा शोधण्यातच दिवस जातात.

काळ्या मातीचा आणखी एक त्रास आहे. उन्हाळ्यात ती आकसते, केबलभोवती पोकळी होते, कोरडी माती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. लोड सगळ्यात जास्त असतो तेव्हाच केबलची क्षमता घटते. म्हणून चरात खास भराव लागतो. वरून नळयोजनेची जेसीबी कधी येईल ते वेगळंच.

पटवारी_दप्तर

मोबदला आणि कागदपत्रं.

जमीन संपादित होत नाही, सातबारा तुमच्याच नावावर राहतो. विद्युत अधिनियम 2003 चं कलम 164 आणि भारतीय तार अधिनियम 1885 चं कलम 10 यांखाली तार नेण्याचा अधिकार मिळतो. त्याच कलम 10 मध्ये नुकसान कमीत कमी करून पूर्ण भरपाई द्यायची अटही आहे. शेतकऱ्याने अडवलं तर प्रकरण कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. अडवल्याने लाइन थांबत नाही, रकमेवर मात्र भांडता येतं.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 14 जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के असा दर आहे. 2015 च्या सूचनांत हेच 85 आणि 15 होतं. राज्यात राज्याचा शासन निर्णय चालतो, तेव्हा आज लागू असलेला दर उपविभागीय अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

लोक टॉवरवरून भांडतात आणि पट्टा विसरतात, म्हणून उदाहरण करून दाखवतो. चार पायांमधली जागा 6 बाय 6 मीटर धरा, बाजूंनी एकेक मीटर वाढवून 8 बाय 8, म्हणजे 64 चौरस मीटर. एकरी 20 लाख भावाने 200 टक्के केले तरी होतात साधारण 63 हजार. तेच 300 मीटर लांब आणि 27 मीटर रुंद पट्टा म्हणजे 2 एकर. 30 टक्क्यांनी 12 लाख. तुमच्या वावरात टॉवर नसला, वरून फक्त तार गेली, तरी मोजणीला हजर राहा. भाव कुठला धरला तेही बघा. एनए झालेल्या जमिनीला शेतीचा रेडी रेकनर लावलेला असेल तर तिथेच हरकत घ्या.

पीक आणि झाडांचे पैसे यापेक्षा वेगळे. पाया, उभारणी, तार ओढणं, प्रत्येक वेळी नुकसान झालं तर प्रत्येक वेळी पंचनामा. संत्र्याची झाडं ई-पीक पाहणीत संख्येसह चढलेली नसतील तर आजच चढवा. पंचनाम्यात नुसतं "संत्रा बाग" लिहू देऊ नका. झाडांची संख्या, वय आणि फळावर आहे की नाही, हे लिहून घ्या.

झुडपी जंगलाकडे दुर्लक्ष करू नका. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही जमीन वन कायद्यापुरती वनच, असं सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 ला स्पष्ट केलं आहे. म्हणजे पट्टा तिथून थोडाही गेला तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवरून वन मंजुरी, आणि त्यात काम लटकतं. 200 मीटर बाजूला जाऊन ती जमीन टाळता येत असेल तर तुमच्या पर्यायी रेघेचं सगळ्यात जोरदार कारण तेच.

डी_टाइप

सहमत. लेआऊट वाचवायला सांगितलं तर वेळ लागेल, वन मंजुरी वाचते म्हटलं तर लगेच बघतील.

खरीप_रब्बी

डी टाइप भाऊंच्या धुऱ्याला माझी थोडी हरकत. टॉवर धुऱ्यावर आला की दोन मालक, दोन सातबारे, मोजणीत वाद, आणि पांदण असेल तर बंडी-ट्रॅक्टरचा रस्ताही अडतो. धुऱ्यापासून चार-पाच मीटर आत, पूर्ण एकाच गटात घेतलेला बरा. पाळी घालायला थोडी अडचण होते, पण पैसे एकाच्या खात्यात सरळ जमा होतात.

काम कधी करायचं हेही ग्रामसभेत ठरवून द्या. जून ते ऑक्टोबर काळ्या वावरात मिक्सरही जात नाही. कापसाची शेवटची वेचणी झाली की मृग लागायच्या आत पाया आणि उभारणी आटपली तर पिकाचं नुकसान जवळपास नाही. तार ओढताना खालच्या 11 आणि 33 च्या लाइनी बंद ठेवाव्या लागतात. ती बंदी ओलिताच्या दिवसांत आली की भांडणं होतात, म्हणून तारखा आधी मागा.

लाइन चालू झाल्यावरचं. पट्ट्याखाली पऱ्हाटीचे ढीग जाळू नका. ज्वाळा आणि धूर तारेपर्यंत गेला की तिथूनच जमिनीकडे ठिणगी उडते आणि लाइन ट्रिप होते. बोअरची गाडी पट्ट्यात उभी करू नका, तिचा मास्ट तारेच्या उंचीला पोचतो. तुषार संचाचे पाइप आडवेच न्यायचे. लाइनीला समांतर तारेचं कुंपण असेल तर त्यात वीज उतरते, हात लावला की झटका बसतो. ठरावीक अंतरावर ते अर्थ करा. टॉवरच्या खालच्या पट्ट्या चोरीला जातात, तेव्हा खालच्या भागाला चोरीरोधक बोल्ट लावलेत का हे ठेकेदार जायच्या आधी बघून घ्या. प्रत्येक टॉवरचा अर्थिंग रोध 10 ओहमच्या आत हवा, आणि तो उन्हाळ्यात मोजायला सांगा. ओल्या जमिनीत सगळेच पास होतात.